फळांचं क्रीम तेलकट चेहऱ्याला मानवतं का? घरच्या घरी नीट चाचणी कशी घ्यायची

सकाळी तोंड धुऊन दोन तास होत नाहीत तोच नाकाकपाळावर चमक येते, नाकाशेजारच्या गालांवरची रंध्रं आरशात ठळक दिसतात, आणि दुकानात पपई, संत्रं, सफरचंद, कोकम यांची चित्रं असलेल्या ट्यूबा रांगेने मांडलेल्या असतात. त्यातली एखादी घेतली की बहुतेक जण त्याच रात्री चेहराभर थापतात. हे करू नका. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर थोडी जळजळ झाली तरी ती ओसरताना काळसर डाग मागे ठेवते, आणि तो डाग जायला कित्येक महिने लागतात. चाचणीचे काही आठवडे त्या मानाने फारच थोडे. खाली जी पद्धत सांगते आहे तिला लागतं ते एवढंच: टिश्यू पेपर, फोनचा कॅमेरा, एक छोटी वही आणि धीर.

आधी रंध्रांबद्दल

रंध्रांना स्नायू नसतात. त्यामुळे वाफ घेतल्याने ती उघडत नाहीत आणि बर्फ फिरवल्याने मिटत नाहीत. ती किती मोठी दिसतात हे ठरतं ते आतली ग्रंथी किती तेल सोडते, तोंडाशी तेल आणि मृत पेशी किती साचल्या आहेत, आणि वयाने व उन्हाने भोवतालची त्वचा किती सैल पडली आहे यांवर. यातला बराच भाग घराण्यातून आलेला असतो. नाकावर दिसणारे राखाडी ठिपकेही सगळे ब्लॅकहेड नसतात. पुष्कळदा ते रंध्रातलं नेहमीचं तेल असतं. दाबून काढलं तर काही आठवड्यांत पुन्हा भरतं, आणि दाबताना कातडीला इजा होते ती वेगळीच.

म्हणून 'रंध्रं नाहीशी होतात' असं कोणी लिहिलं असेल तर तिथेच सावध व्हा. चांगल्या क्रीमने ती कमी ठळक दिसू शकतात, एवढंच खरं. चाचणीत तीन प्रश्न विचारायचे आणि याच क्रमाने विचारायचे. हे क्रीम माझ्या त्वचेला सोसतं का? तेल कमी दिसतं का? रंध्रं कमी उठून दिसतात का? पहिल्याचं उत्तर आठवड्यात मिळतं, दुसऱ्याला महिना लागतो, तिसऱ्याला त्याहून जास्त. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढचे दोन विचारायचेच नाहीत.

ट्यूब उघडण्याआधी मागची बाजू वाचा

इथे घाई करू नका, कारण अर्धी चाचणी इथेच होते. भारतात 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' नुसार घटकांची यादी छापावी लागते. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने येतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागून, कोणत्याही क्रमाने. अक्षरं बारीक असतात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा.

यादीत 'फिनॉक्सिइथेनॉल' हा शब्द शोधा. हा क्रीम टिकवणारा घटक साधारणपणे १ टक्क्यापर्यंतच घालतात. तुमची पपई किंवा संत्रं त्याच्या मागे, सुगंधाच्या आसपास असेल, तर फळ मुख्यतः वेष्टनावर आहे असं समजायला हरकत नाही. याचा अर्थ क्रीम वाईट असा नाही. काम दुसरं कोणीतरी करतंय आणि ते कोण हे शोधायला हवं, एवढाच.

फळांकडून खरोखर काय येतं ते पाहू. पपईत पपेन आणि अननसात ब्रोमेलेन ही प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. वरच्या मृत पेशी सैल करायला ती मदत करतात. पण पाण्यात आणि उष्णतेत विकरं निष्क्रिय होत जातात, त्यामुळे नुसत्या 'अर्का'त ती जिवंत असतीलच याची खात्री नाही. सफरचंदातलं मॅलिक आम्ल, द्राक्षं आणि चिंचेतलं टार्टारिक, लिंबू-संत्र्यातलं सायट्रिक आणि उसाशी जोडलेलं ग्लायकोलिक ही 'फळांची आम्लं' म्हणून विकली जातात. ही योग्य प्रमाणात असतील तर मृत पेशींचा थर खरंच पातळ होतो आणि रंध्रांच्या तोंडाशी साचणं कमी होतं. ग्लायकोलिक आणि त्याच्या जातीच्या आम्लांसाठी अमेरिकेतल्या घटक-तपासणी समितीने घरगुती वापराची मर्यादा १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ३.५ च्या खाली नाही अशी सांगितली आहे. तेलकट चेहऱ्यासाठी पहिल्यांदाच आम्ल वापरणाऱ्यांनी ५ टक्क्यांच्या आसपासचं घ्यावं असं माझं मत.

तेल आणि रंध्रं यांच्यावर ज्यांचा भरवसा धरता येतो ते दोन घटक बहुधा फळांतले नसतात: नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी ३ चं एक रूप) आणि सॅलिसिलिक आम्ल. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात शिरू शकतं. फळाच्या क्रीममध्ये हे असतील आणि गुण आला, तर श्रेय पपईला देऊन पुढच्या वेळी यांच्याशिवायचं पपई क्रीम आणू नका.

कोकमाबद्दल दोन शब्द, कारण 'कोकम बटर' हल्ली सगळीकडे दिसतं. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल पायांच्या भेगांना पिढ्यान् पिढ्या लावतात आणि भेगांसाठी ते उत्तमच आहे. पण तेलकट कपाळाला त्याच घट्टपणाची गरज नसते. यादीत पहिल्या चारपाचांत कोकम, आंबा किंवा शिया बटर असेल, तर ते क्रीम कोरड्या त्वचेसाठी घडवलेलं आहे.

आता त्रासाचे उमेदवार. 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स', लिमोनीन, सिट्रल, लिनालूल. फळाचा घमघमाट बहुतेक वेळा यांच्यातून येतो आणि सुगंध हे सौंदर्यप्रसाधनांच्या अॅलर्जीचं फार नेहमीचं कारण आहे. सुगंधाशिवायचं मिळत असेल तर तेच घ्या. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी पपई, केळं, किवी, अॅव्होकॅडो यांच्या क्रीमपासून विशेष जपावं; अशांना या फळांचीही अॅलर्जी असू शकते.

'प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही' हे वाक्य पाण्याच्या क्रीमवर असेल तर ते मला कौतुकाचं वाटत नाही. पाणी आणि फळाचा अर्क एकत्र म्हणजे जंतूंना मेजवानी. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत यांतलं काही नसेल तर ते क्रीम चेहऱ्यावर लावायचंच नाही. नावगाव नसलेल्या डब्यांतून पारा आणि स्टेरॉइड चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. स्टेरॉइडने चारपाच दिवसांत चेहरा कमालीचा गुळगुळीत दिसतो आणि थांबवलं की लाली, आग, पुरळ असं दुप्पट उसळतं. यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते औषध आहे, क्रीम नव्हे.

आणि घरचं लिंबू? लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळपास, त्वचेचा साधारण ५. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी मिळाली की एकदोन दिवसांत फोड आणि नंतर तपकिरी ओघळ उमटतात. ते ओघळ खूप दिवस टिकतात. लिंबू पोह्यांवर पिळा.

पहिला आठवडा: क्रीम बंदच ठेवा

आधी मूळ चेहरा कसा आहे ते टिपायचं. या आठवड्यात फेसवॉश, सनस्क्रीन, जे रोज वापरता तेच वापरा आणि नवं काहीही आणू नका. अंगाच्या साबणाने तोंड धूत असाल तर आधी सौम्य फेसवॉशवर या आणि दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर साबण सुटल्याचा फरक क्रीमच्या नावावर जमा होईल. डोक्याला रोज तेल लावून झोपत असाल तर तेही वहीत लिहा. कपाळावरचे बारीक पुरळ अनेकदा केसांच्या तेलाचे असतात.

सुरुवातीची वेळही बघून ठरवा. उकाडा वाढला की तेलही वाढतं. मुंबईत मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सुरू करून पुढे हवा निवळली, तर क्रीमने कमाल केली असंच वाटेल. लग्नसमारंभ किंवा दिवाळी दोन आठवड्यांवर आली असेल तर चाचणी पुढे ढकला.

दुसरा टप्पा: कोपराच्या आत

कोपराच्या आतल्या बाजूला, हात दुमडतो तिथे, एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर क्रीम लावायचं. सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, ७ ते १० दिवस. चेहऱ्यावर जितका जाड थर देणार तितकाच द्या. अंघोळीत धुतलं गेलं तर पुन्हा लावा. धुऊन टाकायचं उत्पादन असेल, उदाहरणार्थ पपईचा फेसपॅक, तर डब्यावर लिहिलेली मिनिटं झाली की धुवा. ते दिवसभर ठेवायचं नसतं.

'२४ तास थांबा आणि लावा' असं बरेच जण सांगतात. ते पुरत नाही. चटका देणारा घटक लगेच कळतो, पण अॅलर्जी एकदोन दिवस उशिरा उमटते, आणि एखाद्या घटकाची अॅलर्जी नव्याने तयार व्हायला याहूनही जास्त दिवस लागतात. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात तेव्हाही पट्ट्या ४८ तास ठेवून पुढे आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

लावल्यावर मिनिटभर किंचित चुणचुणणं आम्लाच्या क्रीममध्ये चालून जातं. लाली, खाज, बारीक पाणीदार पुरळ, सूज यांतलं काही दिसलं तर धुवा आणि तिथेच थांबा. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर थेट डॉक्टरांकडे.

तिसरा टप्पा: जबड्याखाली

हात निभावला म्हणून चेहरा निभावेलच असं नाही. कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला, दोन बोटांएवढी जागा निवडा आणि तीनचार रात्री तिथेच लावा. पुरुषांनी दाढीच्या दिवशी लावू नये. ताज्या दाढीवर कोणतंही आम्ल झोंबतं आणि चाचणी बिघडते.

चौथा टप्पा: अर्धा चेहरा

खरी परीक्षा इथे. नाकाच्या मध्यातून एक रेघ कल्पा. एका बाजूला नवं क्रीम, दुसऱ्या बाजूला तुमचं जुनं मॉइश्चरायझर किंवा काहीच नाही. बाकी सगळं दोन्हीकडे अगदी सारखं. हवा बदलली, झोप कमी झाली, पाळी जवळ आली, तरी दोन्ही बाजूंना ते सारखंच लागू होतं, त्यामुळे जो फरक उरतो तो क्रीमचा.

बाजू निवडण्याआधी थोडा विचार करा. कोणत्या कुशीवर झोपता? फोन कोणत्या कानाला लावता? कारमध्ये किंवा बसमध्ये रोज एकाच खिडकीशी बसून एका गालावर ऊन घेता का? गाडीवर स्कार्फ बांधून जाणाऱ्यांनी स्कार्फ रोज धुतलेला वापरावा. घामट कापडाने दोन्ही बाजू बिघडतात. ज्या गालाला असा जाच कमी, त्यावर क्रीम लावलं तर ते फुकटचा भाव खाऊन जाईल. शक्य तेवढा जाच सारखा करा, उरलेला वहीत नोंदवा.

प्रमाण: अर्ध्या चेहऱ्याला अर्ध्या वाटाण्याएवढं पुरतं. तोंड धुऊन, टिपून, पूर्ण कोरडं झाल्यावर लावा. आम्ल असलेलं क्रीम पहिले दोन आठवडे एक रात्र आड, नंतर सोसलं तर रोज. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात लावू नका. तिथे साचून चिरा पडतात. सकाळी दोन्ही बाजूंना सनस्क्रीन हवंच, एसपीएफ ३० किंवा त्याहून वर. फळांच्या आम्लांनी त्वचा उन्हाला जास्त नाजूक होते. सनस्क्रीन लावायची तयारी नसेल तर आम्लाचं क्रीम सुरूच करू नका, इतकं मी ठामपणे सांगते.

किती दिवस? किमान ४ आठवडे. पाळी येते त्यांनी एक पूर्ण चक्र त्यात बसवावंच, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींना फोड येतात. रंध्रांचं ठरवायचं असेल तर ६ ते ८ आठवडे.

मोजायचं कसं

तेलासाठी टिश्यू. दोन पदरी टिश्यूचा एक पदर सोडवा, सारखे चार तुकडे करा, पेन्सिलीने खूण करा: डावा गाल, उजवा गाल, कपाळाची डावी बाजू, उजवी बाजू. तोंड धुतल्यानंतर ३ तासांनी, मध्ये हात किंवा रुमाल न लावता, प्रत्येक तुकडा जागेवर ठेवून १० पर्यंत अंक मोजा. दाबा, पुसू नका. मग तुकडे पाच-दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्या. ही पायरी आपल्या दमट हवेत सोडायचीच नाही, कारण घामाचा डाग वाळून जातो आणि तेलाचा राहतो. आता ट्यूबलाइटसमोर धरा. तेल लागलेली जागा पारदर्शक दिसते. ती ठिपक्याठिपक्यांची आहे, सलग आहे की कागदभर पसरली आहे, ते वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी आणि सनस्क्रीन न लावलेल्या सकाळी घरातच हे करा. सुट्टीचा दिवस सोयीचा. सनस्क्रीनचं तेल कागदावर आलं तर सगळं मोजमाप फुकट.

रंध्रांसाठी फोटो. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्याचा. पुढच्या कॅमेऱ्याने नको. जवळून नाक फुगलेलं दिसतं आणि अनेक फोन न विचारता चेहरा गुळगुळीत करतात. ब्यूटी मोड बंद करून मागचा कॅमेरा घरातल्या कोणाला तरी धरायला द्या. अंतर हातभर ठेवा. उजेड समोरून हवा, कारण तो बाजूने आला की तीच रंध्रं खड्ड्यांसारखी दिसतात. बाजूच्या उजेडातला आधीचा आणि समोरच्या उजेडातला नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर कोणतंही क्रीम चमत्कारी ठरेल.

'धुतलेल्या' या शब्दावर माझा फार जोर आहे. डायमेथिकोनसारखी सिलिकोनं आणि सिलिका असलेलं क्रीम लावताक्षणी रंध्रं भरतं, चेहरा मॅट दिसतो. त्यात फसवणूक नाही. लग्नाला जाताना तसंच हवं असतं. पण तो परिणाम रात्री तोंड धुतलं की संपतो. रात्रभर क्रीम लावून सकाळी धुतल्यावर काय दिसतं, ते तुमच्या त्वचेत झालेलं.

मधेच काही उठलं तर

लावल्या लावल्या जळजळ, ताणल्यासारखं वाटणं, साल निघणं: बहुधा क्रीम जास्त झालंय. चारपाच दिवस बंद ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा, मग दोन रात्री आड करून बघा. पुन्हा तेच झालं तर सोडा.

खाज प्रमुख आणि लाली लावलेल्या जागेच्या बाहेर पसरतेय: अॅलर्जीची शंका. पुन्हा लावून बघायचं नाही. ट्यूब टाकू नका, डॉक्टरांना घटकांची यादी दाखवायला ती लागते.

दोनतीन आठवड्यांनी फक्त क्रीमच्या बाजूला बारीक, न खाजणारे दाणे: क्रीम रंध्रं बुजवतंय. 'आतली घाण बाहेर येतेय' असं सांगून पुढे लावायला लावणाऱ्यांचं ऐकू नका. पेशी लवकर झडायला लावणाऱ्या आम्लांनी सुरुवातीला नेहमीच्याच जागी थोडे फोड उसळू शकतात, हे खरं. पण ते काही आठवड्यांत ओसरायला हवेत. तुम्हाला कधीच फोड येत नसत अशा जागी आले, किंवा वाढतच गेले, तर ते क्रीमचं काम.

कपाळावर किंवा हनुवटीवर एकसारखे, खाजरे, एकाच आकाराचे दाणे उठले तर ती यीस्टची (एक प्रकारच्या बुरशीची) पुटकुळी असू शकते. त्याचे उपचार वेगळे आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मुरुमांवर गोळ्या किंवा रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध) चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, आणि चेहऱ्यावर एक्झिमा असणाऱ्यांनी ही चाचणी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

निकाल

फोटो आणि नोंदी एकत्र मांडा आणि शक्य असेल तर घरातल्या कोणाला, कोणत्या बाजूला क्रीम होतं हे न सांगता, विचारा: कुठली बाजू बरी दिसते? त्यांना फरक सांगता आला नाही, कागदावरही दोन्ही डाग सारखेच आले, तर क्रीम निरुपद्रवी आहे पण तुमच्या कामाचं नाही. उरलेलं कोपरांना, टाचांना लावून संपवा. फक्त आम्लाचं असेल तर उघड्या भेगांवर नको.

त्रास नाही, तेलाचा डाग ठिपक्यांवर आला, पण रंध्रं जशीच्या तशी: हा निकाल सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो चांगला आहे. क्रीम चालू ठेवा. रंध्रांसाठी वेगळा घटक हवा असेल तर तो आता, एकटाच, याच पद्धतीने तपासा.

त्वचेला सोसलं आणि दोन्ही गोष्टींत फरक दिसला, तर क्रीम पूर्ण चेहऱ्यावर आणा, पण पुढचा महिना दुसरं काही नवं जोडू नका. ट्यूब थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. बाथरूममधल्या वाफेत फळांचे अर्क आणि व्हिटॅमिन सी लवकर तपकिरी पडतात. रंग किंवा वास बदलला की मुदत शिल्लक असली तरी फेकून द्या. आणि नवी ट्यूब आणाल तेव्हा जुन्या यादीचा फोटो शेजारी धरून नवी यादी पुन्हा वाचा. वेष्टन तेच ठेवून आतला माल बदलतात. पहिल्या काही ओळी वेगळ्या दिसल्या, तर कोपरापासून पुन्हा सुरुवात.